यंत्र सुरू होत नाही तेव्हा

यंत्र सुरू झाले नाही म्हणजे माणसाला प्रथम राग येतो, आणि राग आला की तो विचार सोडून हाताच्या बळावर विसंबू लागतो. दोरी ओढायची असेल तर ती अधिक जोराने ओढतो, खटका दाबायचा असेल तर तो पुन्हा पुन्हा दाबतो, आणि शेवटी यंत्राला दोन शिव्या हासडून मोकळा होतो. घरातल्या पंख्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या बाबतीत एवढ्याने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या यंत्राच्या भरवशावर माणसे किनारा सोडतात, त्या यंत्राच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवण्याचे जे इंजिन असते, ज्याला सर्वत्र आउटबोर्ड म्हणतात, ते या प्रकारचे यंत्र होय.

श्रोतेहो, हा विषय भोपाळसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातून कसा निघाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. पण भोपाळ हे पाण्याचेच शहर आहे. तिथला मोठा तलाव अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. १९६५ साली भदभद्याला अकरा दरवाजांचे धरण झाले आणि तलावाचे पाणी नियमात आले. २००२ साली या जलाशयाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. शहरातील कितीतरी घरांत प्यायला याच तलावाचे पाणी येते. म्हणूनच २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तलावावरील सहलीच्या यांत्रिक बोटी बंद करण्याचा आदेश दिला. जुनी टू-स्ट्रोक यंत्रे न जळलेले तेल आणि पेट्रोल धुराबरोबर थेट पाण्यातच सोडतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आदेशाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच शहरात, भदभद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, कोटरा सुल्तानाबाद नावाची वस्ती आहे. तेथील एका मराठी बिऱ्हाडाची कल्पना करावी. घरातील काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. यंत्रे उघडून पाहण्याचा त्यांना जन्माचा छंद. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी एका लिलावात भंगाराच्या भावाने दोन सिलिंडरांचे जुने आउटबोर्ड इंजिन घेतले होते. ते तलावात चालवावे असा हेतू कधीच नव्हता. ते घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभे होते. अर्नाळ्याला राहणारा त्यांचा पुतण्या मे महिन्याच्या सुटीत आला आणि त्याची नजर त्या ताडपत्रीवर गेली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर बेट आहे, त्यावर किल्ला आहे आणि वस्तीही आहे. बेटावरच्या माणसांची ये-जा होडीने. पुतण्याची लहानशी होडी होती. इंजिन मिळाले तर वल्ह्यांचे श्रम वाचतील, आणि रात्री-अपरात्री एखाद्या आजाऱ्याला बेटावरून आणायचे झाले तर वेळही वाचेल, असा त्याचा विचार.

"काका, हे मला द्याल?" त्याने विचारले.

"देईन की. पण आधी ते इथे सुरू करून दाखव."

पुतण्याने ताडपत्री काढली, यंत्र एका लाकडी घोड्यावर बसवले, टाकीची नळी जोडली आणि दोरी ओढू लागला. दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. घामाने सदरा भिजला, तळहात लाल झाले, यंत्र ढिम्म. मग त्याने कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळायला घेतले, तेव्हा काका खुर्चीवरून उठले आणि त्यांनी त्याचा हात धरला. "थांब. तू एकदम चार गोष्टी बदलल्यास आणि हे सुरू झाले, तर कशाने सुरू झाले हे तुला कळणार नाही. आज कळले नाही तर उद्या खाडीत कसे कळेल?"

काकांच्या या एका वाक्यात यंत्रदुरुस्तीचे सारे शास्त्र आले आहे. गणित चुकले म्हणजे हुशार विद्यार्थी उत्तराची खाडाखोड करीत बसत नाही. तो पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासत येतो. यंत्राचेही तसेच आहे. पेट्रोलच्या कोणत्याही इंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण सिलिंडरात पोचले पाहिजे. दट्ट्याने ते पुरेसे दाबले पाहिजे. आणि नेमक्या क्षणी त्यावर ठिणगी पडली पाहिजे. चौथे कारण नाही. तेव्हा सुरू न होणाऱ्या यंत्राला तीनच प्रश्न विचारायचे, आणि एकाचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याकडे वळायचे नाही.

पण या तीन प्रश्नांच्याही आधी बाहेरून एक फेरी मारावी लागते. तिला हत्यार लागत नाही, फक्त डोळे लागतात. यंत्र न्यूट्रलमध्ये आहे काय? पुष्कळ यंत्रांत दांडा गिअरमध्ये असला तर दोरी ओढलीच जात नाही. चालकाच्या मनगटाला बांधण्याची सुरक्षा-दोरी ज्या खटक्याला अडकवायची, तिची चाप जागेवर आहे काय? चालक पाण्यात पडला तर यंत्र आपोआप बंद व्हावे म्हणून ही योजना असते. चाप निघालेली असली तर ठिणगीच पडत नाही, आणि माणसे तासन् तास दोरी ओढत राहतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा लहान स्क्रू सैल केला आहे काय? तो घट्ट असला तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. नळीच्या मधोमध असलेला रबरी फुगा दाबला तर टणक होतो काय, आणि त्यावरील बाण इंजिनाकडे आहे काय? न सुरू होणाऱ्या यंत्रांपैकी कितीतरी याच फेरीत सुरू होतात, आणि मग मालक इकडेतिकडे पाहून हळूच हसतो.

पुतण्याच्या यंत्राला हवेचा स्क्रू सैल होता, चापही जागेवर होती. फुगा मात्र कितीही दाबला तरी मऊच राहिला. काकांनी नळी हातात घेऊन वाकवली. तिला बारीक चिरा पडल्या होत्या. जुने रबर दोन कारणांनी हार खाते. एक कारण वय. दुसरे कारण अलीकडचे: भारतात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. ते दमट हवेतून पाणी शोषून घेते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. नळी तळातूनच ओढत असल्यामुळे यंत्राला प्रथम मिळते ते हेच पाणी. शिवाय इथेनॉल लक्षात घेऊन न बनवलेल्या जुन्या वॉशरना ते फुगवते व मऊ करते. म्हणून जुन्या यंत्राला नवी, इथेनॉल सोसणारी नळी घालावी, पेट्रोल दरवेळी थोडे व ताजे घ्यावे, आणि महिनोन् महिने टाकीत साठलेले पेट्रोल त्यात कधीही घालू नये.

टू-स्ट्रोक यंत्राच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल हे प्रमाण अनेक यंत्रांना चालते. फार जुन्यांना पंचवीस किंवा चोवीस भागांस एक भाग लागते. कोणत्या यंत्राला किती, हे त्याच्या माहितीपुस्तकावरून ठरवावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. तेल कमी झाले तर दट्ट्या घासून अडकतो. अधिक झाले तर प्लगवर काजळी धरते. मोटारीच्या इंजिनातले तेल तर मुळीच वापरू नये. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रांसाठी निराळे तेल मिळते.

नळी बदलली, ताजे मिश्रण भरले, फुगा टणक झाला. "आता चोक ओढ, आणि पाच वेळा दोरी," काका म्हणाले. यंत्र सुरू झाले नाही. मग त्यांनी दोन्ही प्लग काढून पुतण्याच्या तळहातावर ठेवले. "वाच."

प्लग वाचता येतो, हे त्या तरुणाला नवीन होते. दोरी अनेकदा ओढूनही प्लग कोरडा असेल तर सिलिंडरात पेट्रोल पोचत नाही. तो ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी नाही, किंवा पेट्रोल अतोनात झाले आहे. त्यावर पाण्याचे थेंब दिसले तर पेट्रोलात पाणी आहे, किंवा आतल्या सांध्यातून गळते आहे. काळा व तेलकट असेल तर तेलाचे प्रमाण चुकले आहे. हातातले दोन्ही प्लग कोरडे ठणठणीत होते. म्हणजे फुगा टणक, पण सिलिंडर कोरडे. अर्थात पेट्रोल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडले होते. मध्ये होते काय? लहानशी गाळणी, पंप आणि कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर उघडताच जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास आला. वर्षानुवर्षे आत राहिलेले पेट्रोल उडून जाऊन त्याचा तपकिरी चिकटा उरला होता. त्यात सुईची झडप जागीच चिकटली होती आणि केसाएवढ्या छिद्रांची तोंडे बुजली होती. काकांनी तो भाग द्रावणात भिजत घातला आणि छिद्रे हवेच्या फवाऱ्याने मोकळी केली. पुतण्या तार आणायला धावला होता. त्याला त्यांनी अडवले. त्या छिद्रांचे माप कारखान्यात ठरलेले असते. तारेने ते रुंदावले तर यंत्र सुरू होईलही, पण नीट चालणार कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न. यंत्र एकदाच खोकले आणि गप्प झाले. प्लग काढले, आता दोन्ही ओले. पुतण्याचा चेहरा पडला, काकांचा उजळला. "काल कोरडे होते, आज ओले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता दुसरा."

दुसरा प्रश्न ठिणगीचा. तो विचारताना सावधगिरी हवी, कारण प्लगच्या छिद्रांतून पेट्रोलचे तुषार उडतात आणि जवळच ठिणगी पाडायची असते. टाकी दूर न्यावी, सांडलेले पुसून घ्यावे, छिद्रांवर फडके ठेवावे, प्लगला टोपी घालून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावे, आणि सावलीत पाहावे. निळी, टचकन वाजणारी ठिणगी म्हणजे निरोगी. पिवळसर, क्षीण, मधूनच पडणारी ठिणगी म्हणजे आजारी. येथे एका सिलिंडराची ठिणगी पिवळी होती आणि दुसऱ्याची मुळीच नव्हती. नवे प्लग घालूनही फरक पडला नाही. म्हणजे दोष अधिक आत होता.

या वयाच्या यंत्रांत ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट फिरत्या जड चाकाखाली असतात. ती चकाकणारी लहान तोंडे नुसत्या पडून राहण्यानेही काळवंडतात. चाक हातोड्याने ठोकून काढू नये, खेचणीने काढावे. काकांपाशी खेचणी नव्हती. वस्तीतल्या एका मिस्त्रीकडे ती मिळाली. त्या मिस्त्रीचा हात जुन्या स्कूटरींवर बसलेला होता, आणि बोटीचे इंजिन त्याने जन्मात पाहिले नसले तरी पॉइंट पाहताच तो ओळखीचे माणूस भेटावे तसा हसला. बारीक कानशीने तोंडे स्वच्छ केली, कोऱ्या कागदाने पुसली, पुस्तकात दिल्याप्रमाणे फट पातळ पट्टीने मोजून बसवली. एका वायरीचे आवरण तडकले होते, तीही बदलली. सावलीत पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्हीकडे निळी ठिणगी टच्‌टच्‌ वाजली.

तिसरा प्रश्न दाबाचा. मिस्त्रीकडचे दाबमापक प्लगच्या जागी बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, दोरी काही वेळा ओढली आणि दोन्ही सिलिंडरांचे आकडे टिपून घेतले. येथे एकट्या आकड्याहून दोन आकड्यांतील तफावत अधिक बोलते. ती दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे गेली, तर कड्या झिजल्या असतील, किंवा मधले पॅकिंग उडाले असेल, आणि मग घरच्या घरी होणारे काम तेथे संपते. या यंत्राचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. म्हाताऱ्याची छाती अजून भरीव होती.

आता यंत्र पाण्याने भरलेल्या पिंपात उभे केले. पंखा काढून ठेवला, आणि पाणी घेण्याची जाळी पूर्ण बुडेल एवढे पाणी भरले. चोक, दोन ओढी; चोक अर्धा, तिसरी ओढ; आणि कोटरा सुल्तानाबादच्या त्या शांत गल्लीत निळसर धूर सोडीत यंत्र धडधडू लागले. पुतण्याने आनंदाने आरोळी ठोकली. काकांनी मात्र यंत्राच्या मागील बाजूस, जेथून थंड करून आलेल्या पाण्याची बारीक धार बाहेर पडावी लागते, त्या छिद्राकडे पाहिले, पाच-सहा श्वास मोजले, आणि यंत्र बंद केले.

"काका! आता तर कुठे सुरू झाले होते!"

"धार कुठे आहे?"

धार नव्हती. पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी चक्र वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहून कडक झाले होते आणि त्याच्या पाती एका बाजूला वाकून बसल्या होत्या. तसेच चालू ठेवले असते तर काही मिनिटांतच यंत्र आतून तापून दट्ट्या अडकला असता, आणि चार दिवसांची मेहनत एका आनंदाच्या भरात जळून गेली असती. यंत्र सुरू होणे आणि यंत्र चालण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे चक्र मागवायला आठवडा लागला. ते बसवल्यावर यंत्राच्या पाठीतून करंगळीएवढी धार सुटली, तेव्हाच काका खुर्चीवर टेकले.

या यंत्रांचा इतिहासही रंजक आहे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वाढलेला ओले एव्हिनरूड हा कारागीर भर उन्हात वल्ही मारीत आपल्या वाग्दत्त वधूसाठी आइसक्रीम आणायला गेला. परत येईपर्यंत ते वितळले, आणि त्यातून त्याला बोटीला अडकवण्याच्या इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. त्याच्या आधीही अशी यंत्रे काहींनी बनवली होती, पण १९०९ पासून त्याने ती विकायला आणली आणि जगभर लोकप्रिय केली. त्याच्या नावाची नवी इंजिने बनवणे २०२० साली बंद झाले. पण जुन्या यंत्रांना कारखान्यांची ही जन्म-मृत्यूची नोंद ठाऊक नसते. स्वच्छ पेट्रोल, खरी ठिणगी आणि थोडी कदर मिळाली की ती पन्नास वर्षांनीही चालतात.

आता थोडे प्रतिबंधाविषयी, कारण खरा रोग तेथेच सुरू होतो. भर पावसात, पूर आला असता, जे यंत्र सुरू होत नाही, ते बहुधा त्या दिवशी बिघडलेले नसते. आधीच्या हंगामाच्या अखेरीस ते जसेच्या तसे कोपऱ्यात ठेवून दिले, त्या दिवशीच बिघडलेले असते. ठेवण्यापूर्वी यंत्र गोड्या पाण्यात चालवावे, म्हणजे मीठ धुऊन निघते. नळी काढून कार्ब्युरेटरातले पेट्रोल जळून संपू द्यावे. प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे आणि दोरी हळूच दोन वेळा ओढावी. खालच्या गिअरपेटीतील तेल पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. यंत्र उभे ठेवावे. आणि महिन्यातून एकदा, गरज नसताना, ते पाण्यात सुरू करून पाहावे. यंत्र चालू स्थितीतच पाण्यात बुडाले असेल तर मात्र दोरी आडमुठेपणाने ओढू नये. ते बाहेर काढताच गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून आतील पाणी निथळू द्यावे, तेल सोडावे आणि त्याच दिवशी जाणकाराच्या हाती द्यावे. "आधी वाळू दे, मग बघू" म्हणणाऱ्याचे यंत्र वाळता वाळताच गंजते.

जूनच्या आधी पुतण्या परत निघाला. यंत्र पोत्यात बांधून झाले. निघण्याच्या आदल्या रात्री काकांनी त्याला पडवीत बोलावले, दिवा मालवला आणि म्हणाले, "समज, खाडीच्या मध्यावर आहेस. अंधार आहे. यंत्र बंद पडले. काय करशील?"

पुतण्या क्षणभर थांबला. मग अंधारातच त्याचे हात चालू लागले. न्यूट्रल. चाप. हवेचा स्क्रू. फुगा. "मग प्लग काढून हाताने पाहीन, कोरडा की ओला."

"आणि त्याच्याही आधी?"

त्याला आठवेना.

"आधी नांगर टाकायचा. यंत्र नीट होईपर्यंत ओहोटी थांबत नसते. आणि वल्ही होडीत ठेवायची, यंत्र कितीही चांगले असले तरी. माणसे बसतील तितकी जीवरक्षक जाकिटेही."

एवढे बोलून काकांनी दिवा लावला, प्लग काढायचा पान्हा, दोन नवे प्लग आणि स्वच्छ फडके एका डब्यात घातले, आणि तो डबा पुतण्याच्या पिशवीत सर्वांत वर, हाताला लगेच लागेल असा ठेवला.